बंद मोटार ओढून नेण्याचे शास्त्र

लातूर हे शहर बालाघाटच्या पठारावर वसले आहे, तर नांदेड गोदावरीच्या काठी. या दोन जिल्ह्यांच्या ठिकाणांना जोडणारा रस्ता आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा, सोनखेड अशी गावे घेत जातो. तुळजापूरहून यवतमाळ-वर्ध्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चा तो एक भाग होय. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या, सुगीनंतर लातूरच्या बाजारपेठेकडे निघालेली सोयाबीन-तुरीची वाहने, मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला लोटणारी माणसे व जनावरे, आणि बाराही महिने एस.टी. बसगाड्या व मोटारसायकली, असा सर्व भार या रस्त्यावर असतो. त्यातच एखादी मोटार बंद पडते. क्रेन जवळपास नसते, अथवा तिला येण्यास वेळ लागणार असतो. मग ओळखीच्या माणसाची दुसरी मोटार बोलाविली जाते, कोणीतरी शेतातून दोर आणतो आणि बंद गाडी गॅरेजकडे ओढत नेली जाते. गॅरेजवाल्यांच्या बोलीत याला ‘टोचन’ म्हणतात.

हे काम वरवर पाहता अगदी किरकोळ वाटते व म्हणूनच त्याचा कोणी फारसा विचार करीत नाही. वाहन चालविण्यास शिकणाऱ्याला गिअर कसा टाकावा, वळण कसे घ्यावे हे शिकविले जाते. दुसरी गाडी मागे बांधून कसे चालावे हे सहसा कोणी शिकवीत नाही. वस्तुतः दोराने जोडलेल्या दोन मोटारी हे एक तिसरेच वाहन असते. त्याचे इंजिन पुढच्या माणसाच्या ताब्यात आणि अर्धा ब्रेक मागच्या माणसाच्या ताब्यात; या दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. शिवाय दोघांच्या मध्ये पाच मीटरांची जी मोकळी जागा दिसते, ती मोकळी नसते, हे रस्त्यावरील इतर लोकांना ठाऊक नसते.

दोर ओढतो, ढकलत नाही

बैलगाडी हाकणाऱ्याला एक गोष्ट न शिकविता माहीत असते. चढाला बैल गाडी ओढतात, आणि उताराला तेच बैल मान मागे रेटून गाडी तोलून धरतात. जू आणि दांडी लाकडाची असल्याने हे शक्य होते. लाकूड दोन्ही बाजूंनी जोर सहन करते. दोराचे तसे नाही. तो ओढण्याच्या कामाचा आहे, थोपविण्याच्या नाही. पुढची मोटार थांबली तरी मागची थांबत नाही. ती आपल्या वेगाने पुढे येते आणि मागच्या चालकाने ब्रेक दाबला नाही तर पुढच्या मोटारीवर आदळते. सपाट रस्त्यावर ही गोष्ट लक्षात येत नाही, उतारावर मात्र तत्काळ येते.

म्हणूनच लातूरहून नांदेडकडे गाडी ओढणे आणि नांदेडहून लातूरकडे ओढणे या दोन सारख्या गोष्टी नव्हेत. पठारावरून खोऱ्यात उतरताना मागची गाडी वारंवार पुढे लोटू पाहते. चढाच्या बाजूला दोर आपोआप ताणलेला राहतो आणि काम सोपे होते. फक्त पुढच्या गाडीच्या इंजिनावर व क्लचवर ताण येतो. चढ अवघड आणि उतार सोपा, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो येथे नेमका उलटा ठरतो.

यावरून असे दिसेल की ओढण्याच्या कामात खरा जबाबदार माणूस मागच्या गाडीत बसलेला असतो. दुर्दैवाने आपल्याकडे अनुभवी चालक पुढे बसतो आणि मागच्या गाडीत ‘नुसते स्टिअरिंग धरायचे आहे’ असे सांगून एखाद्या पोराला बसविले जाते. ही प्रथा सोडली पाहिजे. मागच्या चालकाचे काम दोन शब्दांत सांगता येते: दोर ताणलेला ठेवणे. पुढची गाडी सावकाश होऊ लागली, दोराला झोळ पडू लागला, की हलकेच ब्रेक दाबून आपली गाडी मागे धरावयाची. थांबताना तर ब्रेक प्रथम मागच्याने लावावयाचा व पुढच्याने नंतर. मागच्याने ब्रेक लावला की पुढची गाडीही आपोआप मंदावते.

त्याला यासाठी मिळणारा अवधी किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने चालणारी मोटार एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर जाते. समोर काही घडलेले पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. दोरच पाच मीटरांचा! म्हणजे पुढच्या गाडीचे लाल दिवे लागलेले पाहून मग ब्रेक लावू म्हटले तर उशीर झालेला असतो. मागच्या चालकाने पुढच्या गाडीच्या पाठीकडे टक लावून न बसता तिच्या पलीकडचा रस्ता पाहावा. फाटा येत आहे, गतिरोधक आहे, मेंढरांचा कळप आडवा येत आहे, हे त्याला पुढच्या चालकाइतकेच लवकर दिसले पाहिजे.

इंजिन बंद असताना गाडी बदलते

बंद गाडीत बसलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. आजच्या मोटारींत ब्रेकच्या पायपट्टीला इंजिनाच्या साहाय्याने निर्माण होणाऱ्या निर्वाताची मदत मिळते. इंजिन बंद असले की ही मदत एक-दोन दाबांपुरती शिल्लक राहते आणि त्यानंतर पायपट्टी दगडासारखी कठीण होते. ब्रेक नाहीसे झालेले नसतात. पण रोज ज्या जोराने गाडी थांबते त्याच्या कितीतरी पट जोर पायाला द्यावा लागतो. स्टिअरिंगचेही तसेच. शक्तिचलित स्टिअरिंग इंजिन बंद असताना जड होते व वळणावर दोन्ही हातांनी ते ओढावे लागते. निघण्यापूर्वी उभ्या गाडीतच पाय व हात या जडपणाला सरावून घ्यावेत.

किल्ली काढून खिशात टाकणे ही तर गंभीर चूक होय. किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप बसते आणि पहिल्याच वळणावर गाडी सरळ खड्ड्याकडे जाते. किल्ली फिरवून दिवे व सूचक चालू राहतील अशा स्थितीत ठेवावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, हात-ब्रेक सोडलेला असावा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची बॅटरीच मेलेली असेल आणि स्टिअरिंगचे कुलूप उघडत नसेल, तर ती गाडी दोराने ओढताच येणार नाही.

काही गाड्या मुळातच ओढण्यासाठी नसतात. स्वयंचलित गिअर असलेल्या बहुतेक मोटारींत गिअरपेटीला तेल पुरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरविली तर गिअरपेटी कोरडी फिरते आणि काही किलोमीटरांतच मोठ्या खर्चाचे नुकसान होते. विजेवर चालणाऱ्या मोटारी, चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्या यांनाही चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. त्या सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्याव्यात. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत याविषयी स्पष्ट सूचना असते. ती पुस्तिका बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टनासह कप्प्यात पडून असते, हा भाग वेगळा.

हिसका

दोर तुटतो तो वजनाने नव्हे, हिसक्याने. ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची व सर्वांत कमी समजलेली गोष्ट आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने पाहू.

एक टन वजनाची मोटार सपाट डांबरी रस्त्यावर एकसारख्या वेगाने ओढत नेण्यास फारसा जोर लागत नाही. पंधरा-वीस किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. म्हणूनच दोन माणसे ती हाताने ढकलू शकतात. वीस मीटरांत एक मीटर चढणारा चढ असेल तर त्यात आणखी पन्नास किलोंची भर पडते. म्हणजे अगदी साधा दोरही हे काम करू शकेल. मग दोर तुटतात का? कारण मधे झोळ पडतो, पुढचा चालक वेग वाढवितो, आणि झोळ संपताच सगळा फरक एका क्षणात दोरावर येतो.

समजा, दोन्ही गाड्या एकेक टनाच्या आहेत आणि झोळ संपतो त्या क्षणी पुढची गाडी मागचीपेक्षा ताशी फक्त पाच किलोमीटरांनी अधिक वेगात आहे. हा वेग म्हणजे माणसाची साधी चाल. दोर ताणला जाऊन पन्नास सेंटिमीटर लांबला, तर त्यावर कमाल ताण सुमारे दोनशे किलोंचा येतो. तोच दहा सेंटिमीटर लांबला तर ताण एक टनाच्या घरात जातो. लोखंडी साखळीप्रमाणे जेमतेम दोन सेंटिमीटर दिला, तर हिशेब पाच टनांपर्यंत पोहोचतो. प्रत्यक्षात हूक, पत्रा, टायर हेही थोडे वाकतात व दबतात, त्यामुळे आकडा काहीसा कमी भरेल. पण तत्त्व तेच राहते. जो दोर लांबत नाही, तो हिसका दुसऱ्या कशाला तरी देऊन मोकळा होतो. म्हणजे हूक उपटतो, किंवा बंपर हातात येतो.

शाळेत हे दाखविण्यास काहीही खर्च येत नाही. एक किलोचे वजन सुती दोऱ्याने आढ्याला किंवा खिडकीच्या गजाला टांगावे आणि त्याच दोऱ्याचा दुसरा तुकडा वजनाच्या खालच्या बाजूला बांधून लोंबता ठेवावा. खालचा दोरा सावकाश ओढत गेले तर वरचा दोरा तुटतो, कारण त्यावर वजनाचा भार अधिक आपला ओढ असे दोन्ही असतात. नंतर पुन्हा बांधून खालच्या दोऱ्याला एकदम झटका द्यावा. आता खालचा तुटतो आणि वजन वर जसेच्या तसे लटकत राहते! वजनाच्या जडत्वामुळे झटका वर पोहोचण्याच्या आतच खालच्या दोऱ्याचा निकाल लागलेला असतो. वजनाखाली वाळूची पाटी ठेवावी व मुलांचे पाय दूर ठेवावेत. जडत्वाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रयोग करून मग ‘टोचनचा दोर केव्हा तुटेल?’ असा प्रश्न विचारला, तर गॅरेजशेजारी राहणारी मुले शिक्षकांपेक्षा अधिक उदाहरणे देतील, यात शंका नाही.

दोराची निवड या विवेचनावरून सहज ठरते. नायलॉनचा जाड दोर किंवा ओढण्यासाठीच विकला जाणारा रुंद पट्टा उत्तम, कारण तो लांबतो आणि हिसका पोटात घेतो. काथ्याचा वा अंबाडीचा सोल ताजा असेल तोवर ठीक. उन्हापावसात एक-दोन हंगाम काढलेला सोल आतून कुजलेला असतो व ते वरून दिसत नाही. तारेचा दोर आणि साखळी मजबूत दिसतात म्हणून लोकांना आवडतात. पण त्यांना लवचीकपणा नाही आणि तुटल्यावर त्यांचे टोक काय करील याचा भरवसा नाही. ज्या गाडीचे ब्रेकच गेले आहेत तिला दोराने ओढूच नये. तिच्यासाठी ताठ लोखंडी दांडा लागतो, जो बैलगाडीच्या दांडीप्रमाणे ओढतोही आणि थोपवितोही, अन्यथा क्रेन.

दोर कोठे बांधावा? बंपरला नाही, चाकांना वळविणाऱ्या दांड्यांना नाही, स्प्रिंगला किंवा रेडिएटरच्या चौकटीला तर मुळीच नाही. बहुतेक मोटारींच्या पुढच्या व मागच्या अंगाला ओढण्यासाठी कडे असते. नव्या गाड्यांत ते जॅक-पान्याच्या पिशवीत स्वतंत्र ठेवलेले असते आणि बंपरवरील छोटे झाकण काढून आत आट्यांनी बसवावे लागते. काही गाड्यांत या आट्या उलट्या असतात. नेहमीच्या दिशेने फिरवून बसेना म्हणून हातोडी घेऊ नये. कडे शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट बसल्याखेरीज दोर अडकवू नये. अर्धवट बसलेले कडे हिसक्याने निसटले तर ते पुढच्या गाडीच्या काचेवर गोळीसारखे येते.

निघताना पुढच्या चालकाने पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने पुढे सरकावे, दोर जमिनीवरून उचलला जाऊन सरळ रेषेत येईपर्यंत. तेथे क्षणभर थांबल्यासारखे करून मगच जोर द्यावा. गिअर बदलतानाही हीच काळजी, कारण क्लच दाबलेल्या त्या एका क्षणात झोळ पडतो. पुढची गाडी मागच्या गाडीपेक्षा हलकी नसावी. छोट्या मोटारीने भरलेली जीप ओढण्याचे साहस सपाट रस्त्यावर साधेलही; उतारावर मग कोण कोणास ओढत आहे, हे सांगणे कठीण होते.

नियम काय सांगतात

मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली केलेल्या १९८९ च्या रस्त्यावरील नियमांत ओढण्याविषयी स्वतंत्र तरतूद होती, व ती फार विचारपूर्वक केलेली होती असे म्हणावे लागेल. बिघडलेली गाडी ओढावयाची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंतच. मागच्या गाडीत ती चालविण्याचा परवाना असलेली व्यक्ती बसलेली असली पाहिजे, अथवा त्या गाडीची वळणारी चाके क्रेनने जमिनीपासून उचललेली असली पाहिजेत. दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरांहून अधिक नसावे. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी असावी आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पृष्ठभागावर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे शब्द असावेत. वेग ताशी २४ किलोमीटरांपेक्षा जास्त नसावा. २०१७ मध्ये या नियमांची जागा मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांनी घेतली व त्यांतही ओढण्याचा विषय आहे. प्रत्यक्ष कामासाठी १९८९ ची ही मापे आजही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. त्यांतील प्रत्येक मापामागे कारण आहे, आणि वीस-बावीसच्या पुढे काटा जाऊ न देणे हे शहाणपणाचे.

इंग्लंडमधील नियमांत हे अंतर साडेचार मीटर आहे, म्हणजे जवळपास तेवढेच. अंतर जास्त ठेवले तर थांबण्यास वेळ अधिक मिळेल, मग नियम अंतर कमी ठेवण्यास का सांगतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर त्या दोन गाड्यांत नसून रस्त्याच्या कडेला आहे. मधली जागा जितकी मोठी, तितका तेथून कोणीतरी आडवा निघण्याचा संभव अधिक. शिरूर ताजबंदसारख्या फाट्यावर, जेथे उदगीरकडची वाट येऊन मिळते, किंवा कोणत्याही गावच्या वेशीवर, मोटारसायकलस्वार दोन संथ गाड्यांच्या मधली फट पाहतो आणि त्यातून निघू पाहतो. त्याला दोर दिसत नाही. संधिप्रकाशात तर मातकट रंगाचा दोर मातकट रस्त्यावर कोणालाच दिसणार नाही. दुचाकीच्या वाटेत आडवा ताणलेला दोर काय करू शकतो, याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

‘ऑन टो’ ही पाटी मागून येणाऱ्यासाठी आहे. आडव्या येणाऱ्यास ती दिसत नाही आणि दिसली तरी हे दोन शब्द सर्वांना कळतील असे नाही. म्हणून पाटीवर त्या शब्दांखाली ‘पुढे दोर आहे’ असे ठळक मराठीत लिहावे, आणि दोराच्या मध्यावर लाल किंवा भगव्या रंगाचे हातभर फडके बांधावे. फडके लहान रुमालाएवढे नको. लांबून फडफडताना दिसले पाहिजे. गावातून जाताना एखाद्या माणसाने चालत बरोबर राहून फाट्यावर दोन्ही बाजूंची रहदारी थांबविली, तर त्यात कमीपणा नाही. दोन्ही गाड्यांचे चारही सूचक दिवे लुकलुकत असले की वळण्याची खूण देता येत नाही, याचेही भान असावे. वळणाच्या व थांबण्याच्या हाताच्या खुणा दोन्ही चालकांनी निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. बंद गाडीत चालकाखेरीज कोणी बसू नये. कुटुंबातील मंडळींनी एस.टी.ने यावे.

महामार्गावर प्रश्न वेगळ्या तऱ्हेचा होतो. इतर वाहने ऐंशीच्या वेगाने येतात व ही जोडी वीसच्या वेगाने चालते. मागून येणारा दर सेकंदाला सोळा-सतरा मीटरांनी जवळ येत असतो. पन्नास मीटरांवर त्याला उमगले तर त्याच्या हाती तीन सेकंद उरतात. रात्री, धुक्यात किंवा जोराच्या पावसात म्हणूनच ओढू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. तेथे कळवावे व गाडी रस्त्याबाहेर घेऊन थांबावे. गाडी तशीच टाकून निघून जाणे हा मात्र उपाय नव्हे. धोकादायक जागी वाहन सोडणे, बंद वाहनाने रहदारी अडविणे यांबद्दल अधिनियमात शिक्षेची तरतूद आहे, आणि दहा तासांहून अधिक काळ बेवारस उभी राहिलेली गाडी हलविण्याचा अधिकार पोलिसांना आहे.

काळी माती आणि ट्रॅक्टर

आतापर्यंत आपण रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा विचार केला. मराठवाड्यातील पावसाळ्यात मात्र गाडी पुष्कळदा रस्त्यावर नसते, रस्त्याच्या कडेला रुतलेली असते. समोरून ट्रॉली आली म्हणून चालक साइडपट्टीवर उतरतो आणि काळी माती चाके धरते. अशी गाडी बाहेर काढणे व गाडी ओढत नेणे ही दोन निराळी कामे आहेत. रुतलेल्या गाडीला पंधरा-वीस किलोंचा नव्हे, तिच्या अर्ध्या किंवा संपूर्ण वजनाइतका जोर लागू शकतो, आणि येथेच जास्तीत जास्त दोर तुटतात.

अशा वेळी ट्रॅक्टर येतो. त्याची ताकद निर्विवाद आहे, पण तीच अडचणीची ठरते. ट्रॅक्टरच्या चालकाला मागे मोटार आहे की मोटारीचा सुटा बंपर, हे आवाजावरून कळत नाही. दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच बांधावा. तो उंच, आसाच्या वर बांधला तर जोर देताच पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटण्याची भीती असते. आधी फावड्याने चाकांपुढची माती काढावी, चाकांखाली गोणपाट, तुराट्या किंवा मुरूम टाकावा. निम्मे काम तेथेच होते. ओढ शक्यतो गाडी ज्या दिशेने रुतली त्याच्या उलट, सरळ रेषेत द्यावी.

आणि लोकांना दूर करावे. रुतलेली गाडी ही गावातील पोरांना यात्रेसारखी वाटते. सगळे दोराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून सल्ले देत असतात. ताणलेला दोर तुटला की त्याचे टोक चाबकासारखे परत येते. टोकाला लोखंडी हूक असेल तर त्याला पुढे काहीही अडवीत नाही. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकांखेरीज एकही माणूस नसावा. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जुनी घोंगडी टाकली तर तुटलेल्या दोराचा वेग पुष्कळ मरतो. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाणे ही सवय विहिरीच्या नाड्याला चालत असेल, येथे नाही.

१९१६ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेज-मालकाला ओढ्यात पडलेली एक मोटार वर काढण्यासाठी दोर, ठोकळे आणि सहा माणसे घेऊन बराच वेळ झगडावे लागले. त्यातून त्याने मोटारीवर बसविता येणारी उचलयंत्रणा तयार केली व तीच पुढे जगभरच्या ओढगाड्यांचा आरंभ मानली जाते. आपल्याकडेही आज लातूर-नांदेडच्या रस्त्यावर क्रेन व सपाट पाठीची वाहने मिळतात. पैशाचा प्रश्न असतो हे खरे. पण खासगी मोटारीने भाडे घेऊन गाड्या ओढणेही बरोबर नाही, कारण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने केलेला वापर वगळलेला असतो.

धक्का देऊन किंवा ओढून गाडी सुरू करणे हा एके काळी कार्यालयीन जीपसंबंधी रोजचा उपक्रम होता व त्यात शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सर्वांचा सहभाग असे. आता तो मोह टाळावा. ओढत असताना मागची गाडी अचानक सुरू झाली तर ती पुढच्या गाडीवर झेपावते. शिवाय आधुनिक पेट्रोल गाड्यांत न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या भागात जाऊन तो निकामी करू शकते.

गावाने काय ठेवावे

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना या बाबतीत थोडे करण्यासारखे आहे. पाच मीटरांचा नायलॉनचा दोर दोन्ही टोकांना शॅकलसह, लाल फडके, वर सांगितलेली पाटी, दोन परावर्ती त्रिकोण आणि एक चांगली विजेरी, एवढे साहित्य एका पेटीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात ठेवता येईल. ग्रामनिधीवर त्याचा भार नगण्य आहे. पेटी कोठे आहे हे पोलीस पाटलांना व ट्रॅक्टर-मालकांना माहीत असले म्हणजे झाले. गटविकास अधिकाऱ्यांनी व तहसीलदारांनी आपल्या कार्यालयांच्या वाहनांत अशी सामग्री आहे की नाही, हे वार्षिक तपासणीच्या वेळी पाहिल्यास गैर होणार नाही.

गाडी बंद पडताच प्रथम ती हाताने ढकलून रस्त्याबाहेर न्यावी, माणसांना गाडीच्या मागे नव्हे तर रस्त्यापासून दूर, बांधाकडे उभे करावे, आणि त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास पावलांवर ठेवावा; वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल व मग गाडी. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी बाभळीच्या फांद्या तोडून आणि दगड मांडून ठेवण्याची पद्धत आहे. दिवसा फांद्यांचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल. पण गाडी ओढून नेल्यावर ते दगड तसेच रस्त्यावर राहतात, आणि रात्री येणाऱ्या मोटारसायकलस्वारासाठी तो नवा सापळा होतो.

गॅरेजपाशी पोहोचल्यावर शेवटच्या वळणात घाई होते. आत वळताना दोर कोपऱ्यावरून तिरपा येतो व मागची गाडी आतल्या बाजूला, भिंतीकडे किंवा गटाराकडे खेचली जाते. त्यामुळे पुढच्या चालकाने फाटकाबाहेरच, रस्त्यापासून पुरेसे आत येऊन थांबावे, मागच्याने हात-ब्रेक लावावा, चाकाला दगड लावावा आणि दोर ढिला झाल्याची खात्री झाल्यावरच शॅकल सोडावे. तेथून पुढे गाडी माणसांनी ढकलत आत न्यावी. दोर गुंडाळून घेतला की एकाने परत जाऊन, जेथे गाडी बंद पडली होती तेथील त्रिकोण, फांद्या आणि दगड उचलून आणावेत.